ह्यांच्या डोक्यातले नऊ ठिपके

तिसगाव, ११ ऑगस्ट २०२४

राहीबाईस,

वरती काय लिहावं ह्यातच अर्धा तास गेला. सौभाग्यवती लिहिता येत नाही, त्याचं कारण तुला-मला दोघींना माहीत आहे. चिरंजीव लिहावं तर तूही आता पंचावन्नला टेकली असशील. म्हणून नुसतं नाव लिहिलंय. मी इंदू, तिसगावची, तुझी थोरली जाऊ.

फोन दोनदा केला होता. माझा आवाज ओळखून तू दोन्ही वेळा ठेवलास. कागद फाडायचा झाला तरी आधी दोन ओळी डोळ्याखालून जातात, म्हणून लिहितेय. पत्ता तुझ्या माहेरच्या रतनबाईने दिला. तिला बोलू नकोस, मीच तिला बाजारात गाठून पिच्छा पुरवला. आणि पाया पडायला लिहितेय असं समजू नकोस. काम आहे म्हणून लिहितेय.

अश्विनी आठवते का? तू गेलीस तेव्हा तीन वर्षांची होती, सारखी तुझ्या पदराला धरून असायची. आता तीस वर्षांची आहे. कर्जतला दिलीय, तिथल्या शाळेत शिकवते, तिला मनवा म्हणून चार वर्षांची मुलगी आहे. गेल्या महिन्यात फळ्यावर लिहिता लिहिता तिचा डावा हात आपोआप उडायला लागला आणि ती खाली पडली. शिपायाने नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल हुंगवली. शुद्धीवर आली तर विचारते, मी कुठंय. नगरला नेली आणि मशीनमध्ये घालून डोक्याचा फोटो काढला.

डॉक्टर म्हणाले, कॅन्सरची गाठ नाही. म्हटलं, देव पावला. मग म्हणाले, पण आहे. म्हटलं, काय आहे? तर डोक्यात बारीक रक्तवाहिन्यांचे गुच्छ झालेत म्हणे, तुतीच्या फळासारखे, पाच ठिकाणी. त्यांच्या भिंती पातळ असतात, त्यातनं रक्त झिरपतं. उजवीकडचा एक झिरपला म्हणून फिट आली. बाकीचे चार गप्प आहेत. कुठवर गप्प राहतील? तर जन्मभर राहतील, नाहीतर उद्यासुद्धा झिरपतील. मग काढून टाका. तर सगळे काढायचे नसतात. मग आमच्या शेजाऱ्याच्या हृदयात घातली तशी तार घाला. तर ह्याला तार चालत नाही. मग करायचं काय? तर फिटच्या गोळ्या खायच्या आणि तीन महिन्यांनी परत फोटो काढायचा. राही, मी साठीला आले, पण रोग आहे की नाही हेसुद्धा धड सांगत नाही असा डॉक्टर मी पहिल्यांदा बघितला.

त्याने विचारलं, घरात आणखी कुणाला असं काही झालं होतं का? मी नाही म्हणाले. भावकीत? मी म्हटलं, एका घराशी आमचं सुतक तुटलंय, त्यांचं मेलेलं-जगलेलं आम्हाला कळत नाही. पोरगेलासा डॉक्टर, त्याला सुतक तुटणं म्हणजे काय हेच समजेना. सांगितल्यावर म्हणाला, आजी, सुतक तुमचं तुटलं असेल, रक्त तर तेच आहे ना?

म्हणून विचारते. अजिनाथ भावजींना शेवटच्या वर्षी काय काय होत होतं? फिट किती वेळा आली, कुठला हात उडायचा, डोकं कुठल्या बाजूला दुखायचं? हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. तेवढं चार ओळींत कळव. पोरीचा जीव अडकलाय.

इंदू


तिसगाव, ३० ऑगस्ट २०२४

राही,

तुझं उत्तर नाही. नसू दे. पण आता मला सांगायचंय ते विचारण्यापेक्षा जास्त आहे.

डॉक्टरने ह्यांचाही फोटो काढायला लावला. हे दोनदा मशीनमधून घाबरून बाहेर आले, तिसऱ्यांदा मी दम दिला तेव्हा पडून राहिले. तुझ्या थोरल्या दिरांच्या डोक्यात नऊ निघाले. नऊ ठिपके! तिकडे पोरगी पाचात आडवी झाली आणि हा माणूस नऊ घेऊन अडुसष्ट वर्षं उसाला पाणी देतोय, लुनावर पाथर्डीला जातोय, साधं डोकं दुखलं म्हणून गोळी खाल्ली नाही. मी डॉक्टरला म्हटलं, तुमचं मशीन बिघडलंय. तो हसला. म्हणाला, असंच असतं, कुणाला काहीच होत नाही आणि कुणाला विशीत त्रास होतो. का ते आम्हालाही नीट सांगता येत नाही.

मग त्याने कागदावर वंशावळ काढली. बाप्यांना चौकोन, बायांना गोल. हे बापाकडून किंवा आईकडून पोरांत उतरतं म्हणे. प्रत्येक पोराला छापा-काटा. अश्विनीचा गोल त्याने काळा केला, ह्यांचा चौकोन काळा केला, आणि शेजारी अजिनाथ भावजींचा चौकोन काढून पेन तसंच धरून माझ्याकडे बघत बसला. मी सांगितलं. तीन दिवस डोकं धरून होते, उलट्या झाल्या, तोंड वाकडं झालं, जीपमध्ये घालून नगरला नेताना वाटेतच गेले, वय चौतीस. त्याने तो चौकोनही काळा केला. खाली एक छोटा चौकोन काढून विचारलं, ह्यांना मुलगा? मी कानिफचं नाव सांगितलं. तो त्याने पांढराच ठेवला आणि वर प्रश्नचिन्ह काढलं.

म्हणून लिहिते. कानिफचा फोटो काढून घे. आजच्या आज काढ. डोकं दुखलं तर अंगावर काढू देऊ नकोस. गाडी चालवत असेल तर चालवू देऊ नकोस. मला वाटेल तेवढ्या शिव्या दे, पण फोटो काढ.

आता दुसरं. ह्याचा अर्थ भावजींना जे झालं ते कुणी काही केल्यामुळे झालं नव्हतं. ते घरातलंच होतं. त्या वेळी कुणाला कळत होतं हे? सासूबाई एक बोलत होत्या, देवऋषी एक बोलत होता, भावकी तर काय, आगीत तेल ओतायला टपलेलीच. मी एकटीच बोलले होते असं नाही. तू समजून घेशील.

लिहून झालं आणि वाचून बघितलं. हे बरोबर लिहिलंय असं मला वाटत नाही. पण दुसरं कसं लिहू ते सुचत नाही.

इंदू


तिसगाव, २२ सप्टेंबर २०२४

राही,

तुझं पाकीट आलं. पोस्टमनने हाक मारली तेव्हा मी भाकरी तव्यावर तशीच टाकून धावले. आत तुझी एक ओळ नाही. दोन झेरॉक्स आहेत.

पहिली कानिफच्या दवाखान्याच्या कागदाची. पुणे, मार्च २०१६. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा गुच्छ काढल्याचं ऑपरेशन. खाली इंग्रजीत काय लिहिलंय ते अश्विनीने वाचून दाखवलं: हा आजार घराण्यात उतरतो, जवळच्या सगळ्या नातेवाइकांना कळवावं.

दुसरी पोस्टाच्या पोचपावतीची. २ मे २०१६. तिच्यावर माझी सही. इंदूबाई आसाराम, अशी ठसठशीत.

अश्विनी म्हणाली, आई, काकीनं तुला कळवलं होतं? मी म्हटलं, मला काही आठवत नाही. खोटं बोलले. सगळं आठवतंय. पाकिटावर तुझं नाव बघितलं आणि वाटलं, वाटणीची नोटीस आली. मग वाटलं, नोटीस नाही, कागदावर काहीतरी भारून पाठवलंय. सुतक तुटलेल्या घरचा कागद घरात ठेवू नये, असं देवऋषी सांगून गेलेला. मी त्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या आणि न उघडता चुलीत घातला. वर चारचौघींत सांगितलंही, की कशी मी हुशार, वेळेवर जाळला. आता ऐक, कशी हुशार ती.

त्या वेळी अश्विनी बावीसची होती. लग्न व्हायचं होतं. मी डॉक्टरला विचारलं, तेव्हाच कळलं असतं तर? मला वाटलं तो ओरडेल, मला ते हवंच होतं. तर म्हणतो, तेव्हा त्रास नव्हता म्हणजे आम्ही कापलं नसतंच, वर्षा-दोन वर्षांनी फोटो काढून बघत बसलो असतो. म्हटलं, म्हणजे माझ्यामुळे काही बिघडलं नाही? म्हणाला, तसंही म्हणता येणार नाही, पहिल्यांदा हाताला मुंग्या आल्या तेव्हाच तिने दाखवलं असतं. म्हटलं, मग माझ्यामुळेच झालं? तर तसंही नाही. राही, मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले, आणि कशासाठी रडतेय हेच मला कळेना.

आता खरं कारण. चौदा तारखेला तो उजवीकडचा परत झिरपला. अश्विनीच्या डाव्या हातात कप धरवत नाही, मनवाच्या फ्रॉकची बटणं लावता येत नाहीत. पुण्याचे डॉक्टर म्हणतात, हा एक आता काढायचा, वरच्या बाजूला आहे, काढता येण्यासारखा आहे. तिसऱ्यांदा झिरपला तर हात जाईल, आणखीही काही जाईल. बाकीच्या चारांना हात लावायचा नाही. ऑपरेशननंतर हात काही दिवस आणखी लुळा पडू शकतो, मग बहुतेक सुधारतो. बहुतेक! ह्या बहुतेकने माझा जीव घेतलाय.

आणि पोरगी नाही म्हणते. घाबरट नाही ती, तुला माहीत नाही पण नाही. म्हणते, डोकं उघडून परत बंद केल्यावर आतली मी तीच राहीन का, मनवा मला ओळखीची वाटेल का, हे मला डॉक्टरकडून नको, ज्याचं झालंय त्याच्याकडून ऐकायचंय. ज्याचं झालंय असा माणूस आमच्या ओळखीत एकच आहे.

कानिफला तिच्याशी बोलू दे. माझ्याशी नको. नंबर खाली लिहिलाय.

इंदू


तिसगाव, १९ ऑक्टोबर २०२४

राही,

कानिफ बोलला. एक तास बोलला. तू अडवलं नाहीस.

अश्विनीने फोन मोठा करून ठेवला होता म्हणून मलाही ऐकू आलं. आवाज थेट अजिनाथ भावजींचा. ह्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. कानिफ म्हणाला, ताई, मी तोच हाय. पहिले दोन महिने शब्द सापडायला वेळ लागायचा, चिडचिड लई व्हायची, आईच्या अंगावर ताट फेकलं होतं एकदा. मग ते गेलं. फिटच्या गोळ्या चालू आहेत, टेम्पो चालवायचा तो सोडला, आता झेरॉक्सचं दुकान आहे. डोक्यात अजून तीन आहेत आणि ते आहेत हे तो कधीकधी विसरतो. अश्विनी हसली. कितीतरी दिवसांनी हसली. ऑपरेशनला हो म्हणाली, २६ नोव्हेंबर ठरलीय.

शेवटी त्याने मला हाक मारली. म्हणाला, "मोठी आई, आई म्हणती, जिथं बोलल्या तिथंच बोला. पत्रात नको."

अश्विनीने विचारलं, कुठं काय बोलली होतीस? मी चहा ठेवायला उठले.

त्या फोननंतर नवव्या दिवशी कडूबाई चुलत सासूचा दहावा होता, ओढ्यावर. तुझ्याबद्दल बोलले तेही भावजींच्या दहाव्यालाच, त्याच ओढ्यावर. सगळी भावकी होती. पिंड ठेवला होता, कावळा काही शिवत नव्हता, माणसं ताटकळली होती. मी उभी राहिले. म्हटलं, सत्तावीस वर्षांमागं मी हितं म्हणाले हुते की राहीनं भावजींना काहीतरी खाऊ घातलं. ते खोटं हुतं. आजार ह्याच घरातला हाय, ह्यांच्याबी डोक्यात निघाला, माझ्या पोरीच्याबी निघाला. राहीचा काही दोष न्हवता.

तुला काय वाटतं, काय झालं असेल? काही झालं नाही. एक म्हातारा म्हणाला, बसा वहिनी, कावळा शिवायचाय अजून. आणि मागची एक बाई दुसरीला म्हणाली, मंग राहीनं ह्यांच्या अश्विनीवरबी केलं की काय. मी तिच्या अंगावर धावून जाणार होते. तेवढ्यात हे बोलले. सत्तावीस वर्षं जो माणूस ह्या विषयावर एक शब्द बोलला नाही तो बोलला: "आमचा बापबी असाच गेल्ता. राही तवा ह्या घरात आलीबी न्हवती."

पण पुढचं मला एकटीला माहीत आहे. ते मी ओढ्यावर बोलले नाही. तू नको म्हणालीस तरी ते पत्रातच लिहिणार, कारण तोंडातून निघत नाही.

सासरे गेले तेव्हा माझ्या लग्नाला एकवीस दिवस झाले होते. तीच डोकेदुखी, त्याच उलट्या, तसंच वाकडं तोंड. मी एकोणीस वर्षांची. ह्याच बाया माझ्याकडे बघून म्हणाल्या होत्या, पांढऱ्या पायाची आली. पुढं दहा वर्षं मला पोर झालं नाही तेव्हाही तेच म्हणत होत्या. अजिनाथ भावजींचं तोंड वाकडं झालेलं बघितलं तेव्हाच मी ओळखलं की हे सासऱ्यांचंच आहे. तू कुठली करतेस करणी, तुला साधं कोंबडं कापायला जमायचं नाही. पण दहाव्याला त्या बाया परत माझ्याकडे बघायला लागल्या. एक म्हणालीसुद्धा, थोरली आल्यापासनं दोन माणसं गेली. आणि मी तुझ्याकडे बोट केलं.

सासूबाई नाही, देवऋषी नाही, भावकी नाही. पहिलं मी. तू कानिफचा हात धरून एसटीत चढलीस तेव्हा मला वाईट वाटलं नाही, सुटल्यासारखं वाटलं. हे तुला माहीत असावं.

इंदू


तिसगाव, ८ डिसेंबर २०२४

राही,

अश्विनीला काल घरी आणली. टाके निघालेत. डोक्याच्या एका बाजूला केस नाहीत, त्याचं तिला काही वाटत नाही, मलाच बघवत नाही. हात आधी आणखी लुळा पडला होता. चार रात्री मला झोप नाही, वाटायचं, मीच हिला ढकललं. आता बोटं वळायला लागलीत. आज सकाळी तिने मनवाची वेणी घातली. वाकडी घातली. मनवा तशीच मिरवत फिरतेय, कुणाला सोडवू देत नाही.

बाकीचे चार आहेत तिथंच आहेत. सहा महिन्यांनी परत फोटो. मी डॉक्टरला म्हटलं, म्हणजे बरी झाली का? तो म्हणाला, ह्या एकापासून बरी झाली. मनवाचं आता लगेच काही करायचं नाही म्हणाले, मोठी झाल्यावर बघू, त्रास झाला तर आधी. करावं का करू नये, मला समजत नाही. छापा का काटा हे माहीत असलेलं बरं का नसलेलं बरं? तू कानिफचं कळल्यावर काय केलंस, तुला कोण होतं विचारायला?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी तू दवाखान्यात आलीस. मी खाली औषधं आणायला गेले होते. वर आले तर आतून तुझा आवाज आला, आणि तो मी सत्तावीस वर्षांनीही लगेच ओळखला. मी दाराबाहेरच थांबले. तुला ते माहीत नाही, म्हणून सांगते. मी सगळं ऐकलं.

आत अश्विनीची सासू बोलत होती. पोरगी देताना सांगायचं होतं, आमची फसवणूक केली, आता आमच्या मनवालाही लावून दिलं, हिला घेऊन आम्ही काय करायचं. माझी पोरगी डोक्याला पट्टी बांधून पडलेली. मला आत जायला हवं होतं. मी तिची आई. माझे पाय उचललेच नाहीत. मला ते सगळं ओळखीचं होतं ना. तेच शब्द, तोच सूर. फक्त बोलणारी मी नव्हते.

तू म्हणालीस, "बाई, हिनं काय केलं न्हाई. हिला म्हाईतबी न्हवतं. आमच्या घरातनं आलंय ते. माझ्या नवऱ्याला हुतं, माझ्या पोराला हाय. बोलायचं तर आमच्या घराला बोला, मी बसलेय हितं ऐकायला."

नंतर त्या बाईनेच अश्विनीची उशी नीट केली. काल घरी निघताना मनवाला कडेवर घेऊन तीच पुढं झाली, आणि पुढच्या महिन्यात सुनेला न्यायला येते म्हणाली. खरं किती ते कळेल.

मी आत आले तेव्हा तू उठलीस. मी तांब्यातून फुलपात्र भरून तुझ्यापुढं धरलं. तू म्हणालीस, तहान नाही. अश्विनीच्या गालावरून हात फिरवलास आणि गेलीस. मी खिडकीतून बघत होते. खाली फाटकाजवळच्या नळाला तू ओंजळ लावून बराच वेळ पाणी प्यालीस.

ज्या घराने तुला हाकललं त्याला तू आमचं घर म्हणालीस, आणि त्याच घरचं पाणी तू घेतलं नाहीस. मी दहा दिवस ह्याचा अर्थ लावत बसलेय. तुझ्या जागी मी असते तर पाणी मीही घेतलं नसतं, एवढं मला कळतं. पण तुझ्या पोरासाठी मी तशी बोलले असते का, ते अजून सांगता येत नाही.

इंदू